दाखवायची साडी

मॅडमनी मंदाच्या खांद्यावर वीटकरी रंगाचं कापड टाकलं आणि समोरच्या आरशातली बाई तिला पटकन ओळखूच आली नाही. नाक तेच होतं, कपाळावरची देवीची खूण तीच होती. पण डोळ्यांखालची काळपट वर्तुळं कुठल्या कुठे गेली होती आणि गालांवर चक्क तजेला होता. आपण हसतोय की काय असं वाटून तिनं ओठ मिटून घेतले. तरी ती आरशातली बाई हसरीच दिसत राहिली. "बघा," मॅडम म्हणाल्या, "बऱ्हाटे बाई आत आल्या तेव्हा कशा होत्या आणि आता कशा आहेत. मी फक्त कापड बदललंय." जिल्हा पेठेत डॉक्टरांच्या घरी महिला मंडळाचा कार्यक्रम होता. खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीपुढे आरसा, गळ्यापासून खाली पांढरी चादर आणि केसांना पांढरा रुमाल. न्हाव्याकडे बसल्यासारखं वाटत होतं. मॅडम नाशिकच्या होत्या, मुंबईला जाऊन कसलासा कोर्स करून आल्या होत्या. माणसाच्या कातडीला ऋतू असतो असं त्यांचं म्हणणं होतं. वसंत, ग्रीष्म, शरद, शिशिर. आपल्या ऋतूचे रंग घातले की चेहरा उजळतो, दुसऱ्याचे घातले की विझतो. पावसाळ्याचा त्यात पत्ताच नव्हता. जळगावात ऋतू एकच, तो होळीच्या आधी सुरू होतो आणि माणसाला भाजून काढूनच जातो, मग ही वाटणी कुठल्या देशातल्या माणसांसाठी केली असेल असा विचार मंदा खुर्चीत बसताना करत होती. शाळेतल्या मुख्याध्यापिकाबाईंनी आग्रह केला आणि भाची चारू मागे लागली, नाहीतर ती असल्या ठिकाणी फिरकली नसती.

यजमानीणबाई, डॉक्टरांची बायको, गोरीपान होती, नाजूक गुलाबी कातडीची. मॅडमनी तिच्यावरही तेच वीटकरी कापड टाकून दाखवलं होतं. बिचारी क्षणात काविळीतून उठल्यासारखी दिसायला लागली, नाकाशेजारचे डाग वर आले, आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "ह्यांनी हा रंग कधी घालू नये," मॅडम म्हणाल्या. मंदावर मात्र तो शोभला. मग, फरक नीट कळावा म्हणून, मॅडमनी गठ्ठ्यातून फिका गुलाबी काढला आणि वीटकरीच्या जागी टाकला. मंदाचा चेहरा बघता बघता राखेसारखा झाला. ही बाई मात्र तिच्या पुरेपूर ओळखीची होती. "आजारी दिसता ना?" मॅडम म्हणाल्या, आणि मग चादरीखालून डोकावणाऱ्या तिच्या साडीच्या काठाकडे बोट दाखवून हसत हसत म्हणाल्या, "आणि आलाय त्याच रंगात. तुम्हाला गुलाबी घालायला कुणी सांगितलं हो?" सगळ्या हसल्या. मंदाही हसली. चारू तेवढी हसली नाही. ती आरशाकडे निरखून बघत होती. चारू म्हणजे रावेरच्या भावाची, जीवरामची, थोरली मुलगी चारुशीला. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि मेहरूणला मंदाच्या घरी राहून शिकत होती. आत्याचाच रंग घेऊन आली होती पोरगी, तोच पिवळसर सावळेपणा. मॅडमनी तिलाही बसवलं आणि सांगितलं, भाचीचाही ऋतू शरदच. "म्हणजे फिका गुलाबी घातला की मीसुद्धा अशी आजारी दिसणार?" चारूनं विचारलं. "अगदी अशीच," मॅडम म्हणाल्या.

कुणी सांगितलं. घरी येताना रिक्षात मंदाच्या डोक्यात हे दोनच शब्द फिरत राहिले. मायनं सांगितलं, दुसरं कोण सांगणार. बऱ्हाट्यांच्या घरात मुलगी दाखवायची एक साडी होती. जपानी नायलॉनची, फिकी गुलाबी, अंगभर पांढरी बुटी. चुलत बहिणीच्या, कमलच्या, मामानं ती सुरतेहून आणली होती आणि कमल त्या साडीत पहिल्याच पाहुण्यांना पसंत पडली. पुढच्या वर्षी तिची धाकटी बहीण सुमन पडली. झालं, तेव्हापासून ती साडी गुणाची ठरली. कुणाच्या अंगाची राहिली नाही, घराची झाली. डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवायची आणि पाहुणे यायचे त्या दिवशी काढायची. कमल आणि सुमन दोघी गोऱ्या होत्या, त्यांना गोणपाटात उभं केलं असतं तरी त्या पसंत पडल्या असत्या, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मंदा सावळी, म्हणून तर मायला त्या साडीचा जास्तच आधार वाटला. "गुलाबी घातला का पोरगी उजय दिसते," माय म्हणायची, आणि वरून पावडर थापायची. नायलॉनच्या आत घाम धारांनी वाहायचा. पाटावर बसायचं, मान खाली, नाव सांगायचं, मामाचं गाव सांगायचं. पाहुण्यांच्या चपला उंबऱ्याबाहेर ओळीनं दिसायच्या आणि प्रत्येक वेळी वाटायचं की ह्या चपला घालून ही माणसं निघून जाणार. जायचीच. पहिल्यांदा माय म्हणाली, योग नव्हता. दुसऱ्यांदा म्हणाली, पत्रिकेत काही असेल. मग फैजपूरच्या पाहुण्यांपैकी एका म्हाताऱ्यानं ओट्यावर सुपारी कातरता कातरता बापाला विचारलं, "पोरीले काही दुखनं तर नाही ना?" मंदा आतून ऐकत होती. तिला काहीही दुखणं नव्हतं. केळीच्या बागेत दिवसभर काम करून ती घोंगडीवर पडल्या पडल्या झोपायची. पण बोलणं गावात गेलं, गावातून सोयऱ्यांत गेलं, आणि पुढचे पाहुणे येतानाच संशय घेऊन यायला लागले. माय तिला भुसावळच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरनं लोहाचं औषध दिलं. त्या औषधानं दात काळे झाले, तोंड कडू झालं, आणि पुढच्या पाहुण्यांसाठी पुन्हा तीच साडी ट्रंकेतून निघाली. हळूहळू मंदालाही वाटायला लागलं की आपल्याला काहीतरी असणार, आतून, डॉक्टरला न सापडणारं. रात्री ती स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून नाडी बघायची. अजूनही बघते. मग पाहुणे येणं थांबलं, डी.एड. झालं, जळगावला नोकरी लागली, आणि स्वतः साड्या घ्यायला लागली तेव्हाही दुकानात हात जायचा तो गुलाबीकडेच. मायचं बोट धरून चालल्यासारखी वीस वर्षं ती गुलाबी घेत राहिली. मंदाला आता राग येत होता, आणि तो कुणावर काढावा हेही कळत नव्हतं. माय गेली होती. मेलेल्या माणसाला 'मला वीटकरी द्यायचा होता' असं कसं सांगायचं? कुणी एखाद्या मोठ्या कारणानं नाकारलं असतं तर ते उराशी धरून बसता आलं असतं. हुंडा, पत्रिका, भाऊबंदकी, काहीही चाललं असतं. आपला तर निव्वळ रंग चुकला. असल्या फालतू गोष्टीवरून एखाद्या बाईचा जन्म जातो हे तिला सहन होईना. मेहरूणच्या तलावाच्या कडेनं रिक्षा वळली तेव्हा चारूनं हळूच तिचा हात धरला. मंदानं तो काढून घेतला.

मेहरूणचं घर म्हणजे दोन खोल्या आणि वर गच्ची. उन्हाळ्यात गच्चीवर खाट टाकली की तलावाकडून थोडा वारा यायचा. मंदा तिथे एकटीच झोपायची, रविवारी उशिरा उठायची, कंटाळा आला तर दूध-केळी खाऊन राहायची. ह्या सगळ्याला ती मनातल्या मनात 'उरलेलं' म्हणायची. बाजार उठल्यावर पाटीत तळाशी जे राहतं ते. चारू राहायला आल्यापासून ह्या घरात जरा हालचाल झाली होती. पोरीला कसलं कौतुक, तर कुलूप उघडायचं. मंदानं तिला दुसरी किल्ली करून दिली त्या दिवशी ती उगीचच दोनदा बाहेर जाऊन आली. "आत्या, तुझ्या घरात कुणी कुणाला हाक मारत नाही," ती एकदा गच्चीवर म्हणाली, "कित्ती बरं वाटतं." मंदाला वाटलं, पोरगी समजूतदार आहे, आत्याचं मन राखते. पुढे एम.एस्सी. करीन, पुण्याला नाहीतर इथेच, मग नोकरी, मग अशाच दोन खोल्या, असंही चारू बोलायची. मंदा हूं म्हणायची. ह्या वयात सगळ्याच पोरी असं बोलतात, मग पाहुणे येतात.

आलेच ते. महिन्याभरात जीवरामचा निरोप आला की सावद्याचे पाहुणे चारूला बघायला येत आहेत, मुलगा अंकलेश्वरला केमिकलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, घरची केळी आहेत, पोरीला घेऊन ये. चारूनं निरोप ऐकला आणि वह्या आवरून ठेवल्या. मंदाला मात्र अंगात वारं शिरल्यासारखं झालं. ती त्याच दिवशी फुले मार्केटला गेली आणि दुकानदाराला गाठोडी उलगडायला लावून, प्रत्येक साडी दारात उजेडाला नेऊन बघून, शेवटी एक वीटकरी रेशमी साडी घेतली. मोहरी रंगाचा काठ. दुकानदार म्हणाला, बाई, लग्नासाठी जरा खुलता रंग न्या. मंदा म्हणाली, मला कळतं. इतक्या ठामपणे ती कधी कुठल्या दुकानात बोलली नव्हती. रावेरच्या एस.टी.त ती साडीची पिशवी मांडीवर घेऊन बसली. दोन्ही बाजूंना केळीचे मळे, मध्येच पानं भरलेला ट्रॅक्टर. चारू खिडकीला डोकं टेकून होती. ह्या पोरीला कुणी आजारी म्हणणार नाही, मंदा स्वतःला सांगत होती. मी वाया गेले, पण ही जाणार नाही. आयुष्यात एक गोष्ट तरी आपण वेळेवर करतोय ह्या समाधानानं तिचे डोळे भरून आले.

घरी पोचल्या तर बेबावहिनीनं ट्रंक उघडूनच ठेवली होती. डांबराच्या गोळ्यांचा वास नाकात गेला. गुलाबी साडी खाटेवर पसरलेली होती, इतक्या वर्षांनी तशीच, नायलॉनला मरण नाही. शेजारी धाकटी सरला उभी होती, आठवीतली, आईसारखी गोरी, पदराचं टोक गालाला लावून बघत होती. "ही नेसवायची नाही," मंदा म्हणाली आणि पिशवीतून वीटकरी काढली. वहिनीनं ती हातात घेतली, उलटून पाहिली. "मंदाताई, साडी चांगली हाये, पन हा रंग म्हातारीचा. पोरगी आधीच सावयी, त्यात हा रंग. अन् त्या साडीत आपल्या घरच्या पोरी उजवल्या. सासूबाईनं जाताना मले सांगेल व्हतं, बेबा, हे साडी मोडू नको." "मी उजवले का?" मंदानं विचारलं. तेवढ्यात चारू पुढे झाली. "आई, मी गुलाबीच नेसते," ती म्हणाली, "आत्या, राहू दे. मला गुलाबीच बरी." "तू गप्प बस," मंदा म्हणाली, "तुला काय कळतं?" "मला कळतं, आत्या. तिथे आरशात मीपण पाहिलं ना." पोरीच्या आवाजात काहीतरी विनवणीसारखं होतं. मंदाला वाटलं, घाबरली आहे, घरच्यांना दुखवायचं नाही हिला, माझ्यासारखीच मान तुकवणारी आहे. त्यानं तर ती जास्तच पेटली. आवाज ऐकून जीवराम आत आला. "काय चाललं हे? पाव्हने निंघाले अशीन तिकून. मंदा, तू शिकेल हायस, पन ह्यातलं तुले काय कयते?" मंदा आजवर भावासमोर चढ्या आवाजात बोलली नव्हती. "मला ह्यातलंच कळतं," ती म्हणाली. "माझ्या अंगावर ही साडी घालून घालून तुम्ही मला आजारी ठरवलं. भुसावळच्या डॉक्टरकडे नेलं. मला काही झालं नव्हतं, भाऊ. मला फक्त ही साडी झाली होती. आता हिलाही तसंच करायचं असेल तर करा, मी परत जाते." जीवरामनं खाटेवरच्या गुलाबी साडीकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "नेसव तुले पाह्यजे ते," आणि ओट्यावर निघून गेला. चारूनं एकदा बापाच्या पाठीकडे आणि एकदा आत्याकडे बघितलं, आणि हात बाजूला सोडून नुसती उभी राहिली. मंदानं तिच्या निऱ्या घातल्या, पदराला पिना लावल्या. परकराच्या नाडीजवळ काहीतरी कडक लागलं. "काय गं हे?" "काही नाही," चारू म्हणाली.

पोरगी काय दिसत होती. मधल्या दारातून उजेड येत होता आणि पाटावर बसलेल्या चारूचा चेहरा तापवलेल्या तांब्यासारखा झळकत होता. मंदा दाराआडून बघत होती. पोरीला बघत होती की त्या पाटावर आणखी कुणाला, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. पाहुण्यांतली मुलाची मावशी, पुष्पाबाई, चहाचा कप तसाच हातात धरून टक लावून बसली होती. मुलानं एकदा मान वर केली ती खाली घातलीच नाही. "स्वैपाक येते का?" मावशीनं विचारलं. "नाही," चारू म्हणाली. "भरीत तरी?" "नाही." आत वहिनीनं कपाळाला हात लावला, पण बाहेर सगळे हसले. "खरं बोलनारी हाये पोरगी," मावशी म्हणाली. मुलाच्या वडिलांनी विचारलं, पुढं काय विचार. "एम.एस्सी. करायची आहे. मग नोकरी," चारू स्पष्ट म्हणाली. म्हातारा प्रेमानं म्हणाला, "शिकली तेवढं लय झालं माय. आमच्या घरी काय कमी हाये?" आणि पुन्हा सगळे हसले. ही कशीही बोलली तरी तिचं सगळं गोडच लागत होतं. मंदाला त्याचं नवल वाटलं. तिनं स्वतः त्याच पाटावर बसून प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं होतं आणि त्यातलं एकही कुणाला ऐकू गेलं नव्हतं. मावशी उठली, चारूच्या हनुवटीला हात लावला. "कशी तेजाची पोरगी हाये. आमाले दुसरी पाह्याची नाही," ती म्हणाली. तिथल्या तिथेच साखर वाटली गेली. लग्न वैशाखात उरकायचं ठरलं, परीक्षा आधी झाली तर ठीक. जीवरामनं आत येऊन बहिणीकडे बघितलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. वीस वर्षांत त्यानं पहिल्यांदाच असं केलं होतं. मंदाला रडू आलं. माय, बघ, ती मनात म्हणाली, बघ आता.

आतल्या खोलीत चारू खाटेवर बसून पदराच्या पिना काढत होती. मंदा तिच्याजवळ गेली आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. "सांगितलं होतं ना तुला? गुलाबीत काय दिसली असतीस, आठव." "आजारी दिसले असते," चारू म्हणाली. ती पिना मुठीत गोळा करत होती. "म्हणूनच मागत होते मी." मंदाला नीट समजलं नाही. "म्हणजे?" चारूनं वर बघितलं. चेहऱ्यावर अजून तेच तेज होतं, त्या कापडाचं. त्याला पोरीच्या मनात काय चाललंय ह्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. "बाबांना नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. मला वाटलं, साडीच सांगेल. तुला नाही का सोडलं त्यांनी, आत्या? आले, बघितलं आणि गेले निघून. नंतर तुला कुणी विचारायला आलं का? तुझं घर झालं, तुझी नोकरी झाली. मला एवढंच पाहिजे होतं. एका साडीत होणार होतं." ते मी मागितलं नव्हतं, मंदाला म्हणायचं होतं; ते माझ्यावर येऊन पडलं, मी नाडी बघत बसले, गच्चीवर एकटी बसले, ते घर नाही, ते उरलेलं आहे. पण तिच्यापुढे बसलेल्या पोरीला तेच पाहिजे होतं. कुणीतरी येऊन आपलं आयुष्य हात पसरून मागतंय असं मंदाच्या जन्मात कधी घडलं नव्हतं, आणि घडलं तेव्हा तिनं गुलाबी साडीसकट ते हिसकावून घेतलं होतं. "बोलली का नाहीस मला?" ती म्हणाली. "बोलले," चारू म्हणाली, "तू गप्प बस म्हणालीस." तिनं परकराच्या नाडीला अडकवलेली सेफ्टी पिन उघडली आणि मेहरूणच्या घराची किल्ली काढून मंदाच्या हातात दिली. दिवसभर अंगाशी राहून किल्ली गरम झाली होती.

बाहेर पाहुण्यांच्या चपला उंबऱ्यापासून हलल्या होत्या, ओट्यावर मोठमोठ्यानं बोलणं चाललं होतं. बेबावहिनी आत आली ती पदरानं डोळे पुसत. "मंदाताई, तुमचं आयकलं ते बरं झालं बाई. मले तर वाटे, हे काय काढलं. पन गुन हाये साडीत." चारूनं सोडलेली वीटकरी साडी तिनं उचलली, झटकली, मायेनं चौघडी केली. "आता हेच ठेवते ट्रंकेत. सरलाच्या येयले काढू, मोठ्या भावजींच्या दोघी पोरी हायेत, त्याईच्याबी कामी येईन. ते गुलाबी तुमी घेऊन जा, आता तिचं काय काम?" ती डांबराच्या गोळ्या आणायला गेली. वहिनीमागून आलेली सरला तेवढ्याचीच वाट बघत होती. तिनं चौघडी उलगडली, पदर खांद्यावर घेतला आणि भिंतीवरच्या आरशापुढे जाऊन उभी राहिली. मग वळून मंदाकडे बघितलं. "आत्या, मले शोभते का?" चारू खाटेवर पाठ करून बसली होती, ती वळली नाही. मंदानं पोरीला दारापाशी उजेडात आणलं. मॅडमनी बघितलं होतं तसं, हनुवटी धरून, दोन्ही बाजूंनी चेहरा फिरवून बघितला. नाजूक गुलाबी कातडी पार पिवळी पडली होती, नाकाशेजारी डाग वर आले होते, डोळे खोल गेले होते. चांगली हसती-खेळती पोरगी काविळीतून उठल्यासारखी दिसत होती. मंदानं हातातली किल्ली मुठीत घट्ट धरली.

"शोभते," ती म्हणाली. "तुझ्या वेळी हीच नेस. कुणी काही म्हणालं तरी दुसरी नेसू नको."